भुंग्याच्या नावानं दिलेली उत्तरं

भुंग्याचं खरं नाव घरातसुद्धा कुणी घेत नसे. लहानपणी एखादा प्रश्न डोक्यात शिरला की हा दिवसभर कानाशी गुणगुणत राहायचा आणि ताईचं डोकं उठवायचा, म्हणून तिनंच त्याला हे नाव पाडलं. वडील आधीच गेलेले, आणि आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा अन् ती अठरा. तेव्हापासून त्याची आई म्हणा, बाप म्हणा, मास्तर म्हणा, ताईच. पुढं इंटरनेटवर जगभरच्या लोकांशी ओळखी केल्या तेव्हाही त्यानं भुंगा हेच नाव लावलं. ताई म्हणाली होती, "अरे, जरा बरं नाव घे. लोक काय म्हणतील?" तर म्हणे, "लोक भुंगा म्हणतील. आणखी काय म्हणणार?"

या भुंग्यानं दिवसा नोकरी करून, उरलेल्या वेळात सहा वर्षं खपून एक फाइल सिस्टीम बनवली. ती काय भानगड असते हे ताईलाही आधी ठाऊक नव्हतं, तेव्हा तुम्हाला नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. संगणकाच्या डिस्कवर कुठली फाइल कुठं ठेवली, ती कशी सापडेल, लिहिता लिहिता वीज गेली तर काय करायचं, हे सगळं सांभाळणारा प्रोग्राम. कुठल्या डब्यात काय आहे हे घरातल्या एकाच माणसाला नक्की ठाऊक असतं ना, तसं. त्यानं त्याचं नाव ठेवलं कोठार. आणि बनवून ते चक्क उघड्यावर ठेवलं. कुणीही घ्या, आतलं वाचा, पटलं नाही तर बदला.

"इतकी हाडं झिजवलीस आणि असंच वाटून टाकणार?" ताई म्हणाली.

"ताई, ज्या कोठारात डोकावून बघता येत नाही, त्यात आपलं धान्य कोण ठेवेल?"

पण लोक येईनात. नवी फाइल सिस्टीम म्हणजे गल्लीत आलेला नवा डॉक्टर. शेजारचा बरा होऊन हिंडायला लागेपर्यंत कुणी पायरी चढत नाही. त्यात भुंग्यानं कोठाराची माहिती अशी लिहिली होती की वाचणाऱ्याला वाटावं, आपणच ढ आहोत. शेवटी ताईनं पदर खोचला.

ताईचा तो धंदाच होता. मिक्सर, इस्त्र्या, कपडे धुण्याची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात ती माहितीपुस्तिका लिहायची. खोक्यात यंत्राबरोबर येते ती, जी कुणी वाचत नाही आणि यंत्र बंद पडलं की घरभर शोधतात ती. एकवीस वर्षं तिनं "ओल्या हातानं बटणाला स्पर्श करू नये" हे वाक्य लिहिलं, आणि ते लिहिताना प्रत्येक वेळी एखाद्या बाईचा ओला हात तिला दिसायचा. तिची एक पद्धत होती. यंत्राबद्दल काही शिकून घ्यायचं नाही. अडाण्यासारखं इंजिनिअरसमोर बसायचं, मूर्ख प्रश्न विचारायचे, आणि आपल्याला कळलं तेवढंच लिहायचं. उत्तराचा पहिला शब्द हो किंवा नाही. कारण ज्याच्या घरात यंत्रातून धूर निघतोय त्याला प्रस्तावना नको असते.

जेवणाच्या टेबलावर दोघं बसायची. ताई विचारायची, भुंगा सांगायचा, ती लिहायची. जुन्या संगणकावर कोठार चालेल का? वीज गेली तर फाइल जाते का? चालू असताना नवी डिस्क जोडता येते का? आवडलं नाही तर परत जुन्याकडे जाता येतं का? भुंग्याची एक खोड होती. काहीही विचारलं तरी त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी दुसरीकडे प्रत काढलीय का?"

"अरे, हो का नाही ते सांग ना!"

"प्रत काढली असेल तर हो."

"आणि नसेल तर?"

"नसेल तर माझ्याशी बोलूच नको."

असे भांडत भांडत एकतीस प्रश्नोत्तरांचं एक पान झालं आणि ते इंटरनेटवर लागलं. ते पान वाचून लोक यायला लागले. आधी पाच-पंचवीस, मग दोन-तीनशे. कोठार वापरणाऱ्यांच्या फलकावर, म्हणजे इंटरनेटवरच्या त्यांच्या चव्हाट्यावर, रोज कुणी ना कुणी नवा प्रश्न टाकायचा आणि भुंगा एकेकाला उत्तर द्यायचा. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला राहणारा एक जण तर इतका रमला की कोठाराचं निम्मं काम तोच करायला लागला. बाकीचे झोपतात तेव्हा हा जागा, म्हणून त्याला सगळे घुबड म्हणत. भुंगा आणि घुबड कधी भेटले नव्हते, पण दिवसातून दहा वेळा एकमेकांना निरोप पाठवायचे, त्यातले नऊ थट्टेचे.

आणि मग चार दिवसांच्या तापात भुंगा गेला. एक्केचाळीस वर्षांचा. सोमवारी अंग कसकसतंय म्हणाला, मंगळवारी दवाखान्यात नेला, गुरुवारी संपलं. मेलं ते मरण, त्याला रीतभात म्हणून काही नसते. बावन्न वर्षांच्या बहिणीला ठेवून एक्केचाळीसचा भाऊ उचलायचा, हा कुठला न्याय?

नवव्या दिवशी ताईनं त्याचा लॅपटॉप बंद करायला म्हणून उघडला. फलक समोरच होता, भुंग्याच्या नावानं उघडलेला. तिथं एका मुलीनं विचारलं होतं, जुन्या संगणकावर कोठार चालेल का? अगं बाई, हा तर पानावरचा तिसरा प्रश्न. ताईनं उत्तर उतरवून पाठवून दिलं. दोन मिनिटांत पलीकडून आलं, "थँक्यू भुंगा! तू किती पटकन उत्तर देतोस."

ते वाक्य तिनं दहा-बारा वेळा वाचलं. नऊ दिवसांत सगळे त्याच्याबद्दल होता, होता, असंच बोलत होते. ही मुलगी म्हणत होती, देतोस.

इथं ताई चुकली. तिला चूक कळत नव्हती असं नाही. पण उपाशी माणसाला शिळं-ताजं सांगून उपयोग नसतो. तिनं दुसऱ्या दिवशी दुसरं उत्तर दिलं, तिसऱ्या दिवशी तिसरं. पानावर आणि भुंग्याच्या वह्यांमध्ये बहुतेक सगळं सापडायचं. घुबडानं विचारलं, "काय रे, कामाला हात का लावत नाहीस?" तेव्हा तिनं लिहिलं, "नोकरीचा रगाडा आहे. सध्या फक्त प्रश्न बघतो." बघतो. त्यातला शेवटचा 'तो' लिहिताना पहिल्यांदा हात थांबला, नंतर सवय झाली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी ती मूठ अकरा महिने झाकलेली राहिली. कारखान्यातून आली की चहा घेऊन त्याच्या खुर्चीत बसायची आणि तासभर भाऊ जिवंत असायचा.

मग पाणीवाल्या बाईंचा प्रश्न आला.

या बाई एका छोट्या प्रयोगशाळेत नदीचं पाणी तपासायच्या. दर आठवड्याला सात ठिकाणचे नमुने, नऊ वर्षं. गेल्याच महिन्यात त्यांनी सगळ्या नोंदी कोठारात हलवल्या होत्या. त्यांनी लिहिलं, "एक डिस्क कुरकुर करतेय. यंत्र चालू असताना ती काढून घेता येते का?"

वह्यांमध्ये हे नव्हतं. पानावर होतं ते जोडण्याबद्दल. चालू असताना नवी डिस्क जोडता येते का? हो. ताईनं विचार केला, जे जोडता येतं ते काढता येणारच, मिक्सरचं भांडं नाही का. बाई घाईत दिसत होत्या, आणि तिची एकवीस वर्षांची सवय सांगत होती की घाईतल्या माणसाला आधी हो किंवा नाही सांगावं. तिनं लिहिलं, "हो. काढा. यंत्र थांबवायची गरज नाही." आणि उत्तर बरोबरच असणार अशा खात्रीनं भाजी फोडणीला टाकायला गेली.

कोठाराला आधी सांगावं लागतं की ही डिस्क जाणार आहे. मग ते आतलं सगळं दुसऱ्या डिस्कवर हलवतं, त्याला काही तास लागतात, आणि झालं म्हणून कळवतं. त्याआधी डिस्क ओढली तर भिंतीतली वीट ओढल्यासारखं होतं. पाणीवाल्या बाईंनी वीट ओढली. घाबरून ती परत लावली, यंत्रानं विचारलेल्या प्रश्नाला भलतंच उत्तर दिलं, आणि होतं नव्हतं ते पुसलं गेलं. प्रत? पूर्वी आपोआप निघायची, कोठारात हलवण्याच्या धांदलीत ती बंद पडली होती आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. भुंगा असता तर पहिल्या वाक्यात लक्षात आलं असतं.

"पाणी पुन्हा तपासता येईल असं मला काही जण सांगताहेत," बाईंनी फलकावर लिहिलं. "आजचं तपासेन. सहा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातलं पाणी मी कुठून आणू?"

ताईनं हे वाचलं ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, स्वयंपाक करता करता. चूल बंद करायचं भान राहिलं नाही, भाजी करपून घरभर धूर झाला.

फलक पेटला. कोठार डेटा खातं, असं कुणीतरी लिहिलं आणि ते वाऱ्यासारखं पसरलं. घुबड तीन दिवस कामातून सुट्टी घेऊन कोठाराची ओळ न् ओळ तपासत बसला. चौथ्या दिवशी त्यानं सगळ्यांना सांगितलं की कोठारात दोष नाही, कोठारानं दोनदा इशारा दिला होता, दिलेलं उत्तरच चुकीचं होतं. झालं, आगीतून फुफाट्यात. लोक म्हणाले, उत्तर कुणी दिलं? बनवणाऱ्यानंच ना? आपण काय बनवलंय हे त्यालाच ठाऊक नसेल तर आम्ही त्याच्या भरवशावर कसं राहायचं? एकानं लिहिलं, "या भुंगा नावाच्या बेजबाबदार माणसाच्या हातात आपली माहिती देऊ नका."

बेजबाबदार. ज्यानं शेजारणीच्या मोबाइलमधले फोटोसुद्धा तीन ठिकाणी प्रती काढून ठेवले होते, तो. ताईला कुणी शिव्या घातल्या असत्या तर तिनं पदरात घेतल्या असत्या. पण शिव्या खात होता भुंगा, आणि त्याला तोंड उघडायची सोय नव्हती. त्याचं तोंड तिच्याकडे होतं.

घुबडाचा खासगी निरोप आला. "भुंग्या, खरं सांग, ते उत्तर तू लिहिलंस? प्रत काढलीय का हे न विचारता? माझा विश्वासच बसत नाही."

शनिवारी सकाळी ताई लिहायला बसली. पुस्तिकेचं एक पान ती अर्ध्या तासात लिहायची. हे लिहायला दुपार झाली. कितीदा तरी वाटलं, सांगावं की दुसऱ्या कुणीतरी त्याचं खातं वापरलं. म्हणजे खोटंही नाही आणि खरंही नाही. पण तसं सांगितलं की लोक भुंग्यालाच विचारणार, तू तेव्हा कुठं होतास, आणि त्याचंही उत्तर तिलाच द्यावं लागणार. शेवटी तिनं एकतीस प्रश्नांच्या खाली बत्तिसावा प्रश्न घातला.

"भुंगा हयात आहे का? नाही. तो अकरा महिन्यांपूर्वी तापानं गेला. त्यानंतर त्याच्या नावानं दिलेली एकशे तेरा उत्तरं मी दिली. मी त्याची मोठी बहीण. मला फाइल सिस्टीममधलं काही कळत नाही. डिस्क काढा हे उत्तर माझं आहे. तो असता तर त्यानं आधी विचारलं असतं, प्रत काढलीय का. कोठार कसं आहे ते त्याच्यावरून ठरवा, माझ्यावरून नको."

नाही हा शब्द लिहिताना तिला हुंदका आला. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ती रडली नव्हती, कागदांवर सह्या करत होती. आज स्वतःच्या हातानं लिहिलं तेव्हा तिचा भाऊ मेला.

संध्याकाळपर्यंत फलकाचा नूरच पालटला. ज्यानं बेजबाबदार म्हटलं होतं त्यानं ते पुसून माफी मागितली. कुठल्या कुठल्या देशांतून लोकांनी लिहिलं, भुंग्यानं मला एकदा कसं समजावलं होतं, माझं काम कसं वाचवलं होतं. कोठार सोडून गेलेले काही जण परत आले. तिनं जे वाचवायला लिहिलं होतं ते वाचलं. भुंग्याचं नाव स्वच्छ झालं.

पाणीवाल्या बाईंचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "तुमच्या भावाचं ऐकून वाईट वाटलं. पण मी तुम्हाला माफ करू शकत नाही. मला प्रश्न त्यांना विचारायचा होता, तुम्हाला नाही." ताईनं लिहिलं, "नका करू माफ. तुमचं बरोबर आहे."

घुबडाकडून मात्र काहीच आलं नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी कारखान्यात, पॅकिंगच्या खोलीशेजारच्या तिच्या टेबलावर, नव्या इस्त्रीची पुस्तिका पुढ्यात असताना तिनं मोबाइलवर फलक उघडला, आणि घुबडाचा निरोप दिसला. निरोप लांबलचक होता आणि त्यात थट्टा नव्हती.

"ताई, मार्चमध्ये माझी आई गेली. मी सगळ्यात आधी भुंग्याला कळवलं. मला वाटलं, हा रात्रभर माझ्याशी बोलेल. याला आई नाही, याला कळेल. त्याच्याकडून दोन वाक्यं आली. 'वाईट वाटलं. काळजी घे.' मी वाट बघत राहिलो. मग मला राग आला. म्हटलं, एवढी वर्षं ज्याला मित्र समजलो तो असा निघाला. मी त्याच्याशी कामापुरतंच बोलायला लागलो. मनातून त्याचं नाव टाकलं होतं मी. ताई, मी सहा महिने एका मेलेल्या माणसावर रागावलो होतो, आणि तो बिचारा त्यात कुठंच नव्हता."

ताईला ती दोन वाक्यं आठवली. जास्त लिहिलं तर पकडले जाऊ म्हणून दोनच लिहिली होती. आई गेलेल्या माणसाला काय सांगायचं हे भुंग्याला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं. सात वर्षांच्या पोराला तिनंच ते सांगितलं होतं, रात्र रात्र जवळ घेऊन. आणि इथं तिनं "काळजी घे" लिहून लॅपटॉप मिटला होता. जगासमोर ज्याचं नाव तिनं धुऊन काढलं, त्याच्या एकुलत्या एक मित्राच्या मनात ते तिनंच काळं केलं होतं, आणि तिला पत्तासुद्धा नव्हता. तिला स्वतःची शिसारी आली. निरोपाच्या शेवटी फोन नंबर होता. खाली लिहिलं होतं, "रविवारी चालेल."

रविवारी दुपारी तिनं फोन लावला. घुबडाचा आवाज तिनं पहिल्यांदाच ऐकला. तिला वाटलं होतं जाडजूड माणूस असेल, आवाज अगदी बारीक होता, सर्दी झाल्यासारखा.

"ताई, बोला," तो म्हणाला. "कसा गेला तो? मला पहिल्यापासून सांगा."

अकरा महिन्यांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं, कारण तिनं कुणाला विचारू दिलं नव्हतं. तिनं सांगितलं. सोमवारी कपाळाला हात लावून बघितला तेव्हा कढत लागला, तरी हा म्हणे, एवढं एक काम संपवतो. मंगळवारी जिना उतरताना दोनदा बसला. बुधवारी नळ्या लावल्या. गुरुवारी पहाटे खिडकीतून उजाडताना तो डोळे उघडून बघत होता. मध्ये मध्ये ती थांबायची, घुबड वाट बघायचा, ती पुन्हा सुरू करायची.

"मार्चमधलं उत्तर मी लिहिलं होतं," ती म्हणाली. "तो असता तर तुला एकटं सोडलं नसतं रे त्यानं."

"ठाऊक आहे. आता ठाऊक आहे," तो म्हणाला. मग घाबरत घाबरत त्यानं विचारलं, "ताई, शेवटी काही बोलला का तो? माझं... म्हणजे आमच्यापैकी कुणाचं नाव वगैरे काढलं?"

तो काय ऐकायला आतुर झालाय हे तिला कळत होतं. हो, एवढा एकच शब्द. तुझी आठवण काढली, म्हणाला घुबडाला सांग. कुणाचं काही गेलं नसतं, आणि त्या पोराला आयुष्यभर पुरलं असतं. भुंग्याच्या तोंडी काय शोभतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? एकशे तेरा वेळा तिनं तेच तर केलं होतं. वाक्य ओठांवर तयार होतं.

"नाही," ताई म्हणाली. "पाणी मागितलं त्यानं. मी चमच्यानं दिलं. तुझं नाव नाही घेतलं, माझंही नाही. मग काही बोललाच नाही."

पलीकडे तो हमसून हमसून रडायला लागला, मोठ्यानं, लहान मुलासारखा. ताईनं फोन कानाशी तसाच धरून ठेवला आणि तीही रडत बसली.